लो-कार्ब बर्गर म्हणजे नुसता बन काढणं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

लो-कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट्स (पिष्ट आणि साखर) कमी असलेल्या रेसिपी हल्ली सगळीकडे येतात, तुमच्या पुरवणीतही येतात, चांगलंच आहे, पण टर्की पक्ष्याच्या खिम्याच्या बर्गरची रेसिपी वाचली की जीव कासावीस होतो कारण जे सांगायला हवं तेच नेमकं गाळलेलं असतं. बन काढा, लेट्युसच्या पानात गुंडाळा, झालं लो-कार्ब! अहो पण त्याच रेसिपीत खिम्यात वाटीभर ब्रेडक्रम्ब्स आणि वरून केचप असतं. टर्कीच्या मांसात कार्ब जवळपास शून्य, म्हणजे बर्गरमध्ये जे काही कार्ब येतात ते आपणच बाहेरून घालतो, एका बनमध्येच साधारण २० ते ३० ग्रॅम आणि केचपच्या मोठ्या चमच्यात ४-५ ग्रॅम, त्यातली बरीचशी साखर.

ब्रेडक्रम्ब्स घालतात ते ओलावा धरून ठेवायला, कारण टर्की पटकन कोरडी पडते. म्हणून आधी खिमा कोणता घ्यायचा ते सांगा ना! नुसत्या ब्रेस्टचा खिमा असेल तर चरबी नावालाच असते आणि पॅटी भुशासारखी होते, मांडीचं मांस मिसळलेला, ७ टक्क्यांच्या आसपास चरबी असलेला घेतला तर अर्धं काम तिथेच होतं. ओलाव्यासाठी मशरूम बारीक चिरून परतून गार करून घाला किंवा झुकिनी किसून, घट्ट पिळून घाला, सोबत चमचाभर ऑलिव्ह ऑइल. अर्धा किलोला एक अंडं पुरे, तरी मिश्रण सैल वाटलं तर दोन चमचे बदामाचं पीठ.

आता हर्ब्ज, म्हणजे स्वादासाठी घालायची सुवासिक पानं, जी रेसिपीत शेवटी 'आवडीनुसार' म्हणून उरकतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण टर्कीला स्वतःची चव बेताचीच, सगळी मजा हर्ब्जचीच आहे. पार्सली, चाइव्हज, बेसिल ही मऊ पानं सढळ हाताने घाला, अर्ध्या किलोला मूठभर सुद्धा जास्त होत नाही, पण रोझमेरी, सेज, थाइम ही कडक मंडळी जपून, आणि रोझमेरी अगदी बारीक चिरून, नाहीतर दातात टोचते. धुतलेली पानं कोरडी करूनच चिरा, पाणी राहिलं की पॅटी फुटते. सुकी हर्ब्ज वापरायची तर ताज्याच्या एक तृतीयांश, म्हणजे मोठ्या चमच्याच्या जागी लहान चमचा, आणि ती त्या ऑलिव्ह ऑइलमध्ये थोडा वेळ भिजवली तर वास छान सुटतो.

मीठ मिश्रणात आधीपासून घालून मळत बसू नका, त्याने मांसातली प्रोटीन्स सुटून एकमेकांना चिकटतात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते, भाजायच्या आधी वरून लावलेलं बरं. हलक्या हाताने पॅटी करायची, मधे अंगठ्याने खळगा, अर्धा तास फ्रिजमध्ये, मग मध्यम आचेवर भाजायची म्हणजे हर्ब्ज जळत नाहीत.

आणि साहेब, 'सोनेरी होईपर्यंत भाजा' हे वाक्य तेवढं छापू नका हो. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, रंगावरून आत शिजलंय की नाही कळत नाही, कधी पूर्ण शिजलेली टर्की सुद्धा गुलाबीसर दिसते. पॅटीच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस तापमान आलंच पाहिजे, त्यासाठी साधा किचन थर्मामीटर लागतो, तो बाजूने आडवा खुपसायचा. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवायचा, हेही कुठे लिहिलेलं दिसत नाही.

अजून एक, लो-कार्बकडे वळणाऱ्यांत डायबेटिसवाले बरेच असतात, इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कार्ब एकदम कमी केले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा रेसिपीखाली 'आधी डॉक्टरांशी बोला' एवढी एक ओळ टाकायला किती जागा लागते? पुढच्या वेळी चरबीचं प्रमाण, तापमान आणि ही ओळ एवढं नक्की छापा, ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक