रानभाजीवाल्यांना मंडईत ओटा द्या

महोदय,

घाटात दरड कोसळली की कोथिंबिरीची जुडी हाताबाहेर जाते आणि आपण वैतागतो नाक्यावरच्या भाजीवाल्यावर. मुंबईची बरीचशी भाजी नाशिक-पुण्याकडून कसारा घाट, बोरघाट उतरून वाशीच्या बाजार समितीच्या घाऊक बाजारात येते आणि तिथून शहरभर पसरते. मे २०२० मध्ये करोनामुळे तो बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला, तेव्हा अख्ख्या शहराचं पोट एकाच दोरीला टांगलेलं आहे हे कळलं. त्या दिवसांत शेतकऱ्यांचे टेम्पो थेट सोसायट्यांच्या फाटकाशी येत. फळं-भाज्या २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून वगळलेल्या असल्याने कायद्याचीही आडकाठी नव्हती. टाळेबंदी उठली आणि आमच्या भागात तरी ते टेम्पो पुन्हा दिसले नाहीत.

वाशीला पर्याय शोधा, असं मी म्हणत नाही. सव्वा कोटीच्या शहराला डोक्यावरच्या पाट्यांतून येणारी भाजी पुरणारी नाही. पण वसई, पालघर, कर्जत, कसारा इथून पहाटेच्या लोकलने येणाऱ्या बायकांची वाट आधीपासून आहे, ती तरी बुजवू नका. पावसाळ्यात त्यांच्याकडे टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली असतात. यातलं बरंचसं माळावर, रानात आपसूक उगवतं. त्याला ना युरिया लागतो, ना पंप, ना शीतगृह. शेवळं ही रानभाजी घेतली तर बाई न मागता मूठभर काकडं (काकड झाडाची आंबट फळं) वर टाकते आणि बजावते, ‘हे घातल्याबिगर शिजवू नका, घसा खाजंल.’ मॉलमधल्या प्लास्टिकच्या ताटलीवर हे कोण छापणार?

एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर २०१७ मध्ये २३ जण चेंगरून गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरमध्ये फेरीवाल्यांना मनाई केली. पुलावर आणि जिन्यात कुणी बसूच नये, यात वाद नाही. पण डोक्यावर पाटी घेऊन उतरलेल्या बाईने १५० मीटरपलीकडे नेमकं कुठे बसायचं, हे तिला कुणीच सांगत नाही. पालिकेची गाडी आली की पाटी उचलली जाते. सोडवून आणेपर्यंत पालेभाजीने मान टाकलेली असते. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यात सर्वेक्षण आहे, समिती आहे, परंपरेने भरणाऱ्या बाजारांना संरक्षणही आहे. मुंबईत त्याचं घोडं किती वर्षं अडलं आहे, ते आपल्याच वृत्तपत्रात वाचत आलो आहोत. आणि सर्वेक्षण झालंच, तरी पावसाचे चार महिने येणाऱ्या बाईचं नाव त्यात येणार कसं?

तोवर पालिकेने एवढं करावं. आमच्या जवळच्या मंडईत कितीतरी ओटे रिकामे पडून आहेत, त्यांवर लोक मोडके क्रेट रचून ठेवतात. ते धुऊन सकाळी अकरापर्यंत रोजच्या पावतीवर या बायकांना द्यावेत. कायम परवान्याची अट नको. पावती फाडणारा माणूस मात्र पहाटे हजर हवा. शेवळं मेअखेरीपासूनच येऊ लागतात, त्यामुळे निर्णय त्याआधी व्हायला हवा.

— एक वाचक, दादर (पश्चिम)