यात्रेचे चित्रण महिन्याभरात पुसले जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिद्धेश्वर यात्रा आली की नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचे फेसबुक लाइव्ह सुरू होते. पुण्या-मुंबईचे सोलापूरकर घरबसल्या दर्शन घेतात, चांगलेच आहे. पण १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकचा नियम बदलला. नवे लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच राहतात, मग आपोआप पुसले जातात. जानेवारीतल्या यात्रेतले होमप्रदीपन (होम पेटवण्याचा विधी) मार्चमध्ये शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. महिना भरायच्या आत व्हिडिओ उतरवून घ्या. त्याहून बरे म्हणजे लाइव्ह चालू असतानाच कॅमेऱ्याच्या कार्डवरही रेकॉर्डिंग ठेवा. गर्दीत मोबाइल नेटवर्क दमते आणि लाइव्हची प्रत नेमकी अक्षता पडताना अडकते.

कायम ठेवायला यूट्यूब सोयीचे. फोन नंबरची पडताळणी केली नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. केल्यावर १२ तास किंवा २५६ जीबी, यांपैकी जे कमी ते. फोर-के चित्रण मिनिटाला साधारण ३५० एमबी होते, म्हणजे अर्ध्या तासाचे दहा जीबीच्या वर. अपलोडचा वेग २० एमबीपीएस मिळाला तरी सव्वा तास धरा. चढल्या-चढल्या व्हिडिओ धूसर दिसतो, कारण कमी दर्जाची प्रत आधी तयार होते, एचडी मागून. तोवर 'प्रायव्हेट' ठेवा, नाहीतर ग्रुपवर 'क्लिअर नाही' सुरू होते. 'अनलिस्टेड' म्हणजे गुप्त नव्हे. लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहतो. आणि एकदा चढवलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही, तेव्हा आधी एकदा पूर्ण पाहून घ्या.

शोधायला सोपे जावे म्हणून फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग कार्यक्रम आणि क्रमांक: '२०२५-०१-१३ अक्षता ०१'. 'फायनल', 'फायनल नवीन' अशा नावांचा वर्षभराने कुणालाच अर्थ लागत नाही. एकच व्हिडिओ अनेक प्लेलिस्टमध्ये टाकता येतो. तेव्हा एक यादी वर्षाची करा, दुसरी कार्यक्रमाची. तासाभराच्या मिरवणुकीला वर्णनात वेळा लिहिल्या की भाग पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा.

मिरवणुकीत बँडवर सिनेमाचे गाणे वाजले की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. यूट्यूब स्टुडिओत तेवढा तुकडा कापता किंवा मुका करता येतो. पण गाण्याखाली हलगी असेल तर तीही जाते.

मंडळाचे चॅनेल कुणा कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर असणे हा तर नेहमीचा घोळ. कार्यकारिणी बदलली की चॅनेल गेले! मंडळाचे स्वतंत्र खाते काढा आणि संकलन करणाऱ्याला पासवर्ड न देता 'एडिटर'ची परवानगी द्या.

गूगल ड्राइव्हचे फुकट १५ जीबी मेल आणि फोटोंसह सामाईक आहेत. भरले की मेल येणेही थांबते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दोन जीबीपर्यंत मूळ दर्जात जातो, एरवी आकसतो. मूळ फाइल मात्र दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. यूट्यूबवरून परत उतरवलेली प्रत दाबलेली असते, तिच्यावरून नव्याने संकलन केले की चित्र आणखी उतरते.

आपले,
व्हिडिओ संकलन करणारे काही वाचक, सोलापूर