दुपारी मोजलेले हादरे आणि रात्रीची मालगाडी : आपल्या कंपन-अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय : घराला बसणारे रेल्वेचे हादरे व त्यावरील सदोष अहवाल

महोदय,

रुळांपासून तीस मीटरवरचे घर मी आपल्याकडून समजून-उमजून घेतले. गाड्यांचा आवाज येणार हे माहीत होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती जमिनीतून येणाऱ्या हादऱ्यांची, आणि त्याहून जास्त आपण पाठवलेल्या अहवालाची.

रात्री दोनच्या सुमारास भरलेली मालगाडी जाते. आधी वरच्या खोलीची लादी पायाखाली थरथरते, मग कपाटाच्या काचा वाजू लागतात. एखाद्या वाघिणीचे (मालडब्याचे) चाक घासून एका जागी चपटे झाले असेल, तर त्याचे ठोके अंथरुणात पडल्या पडल्या मोजता येतात. सासूबाई रोज उठून बसतात.

आपले अभियंता आले दुपारी तीनला. उपकरण ठेवले कुंपणाजवळच्या मातीवर. तासाभरात चार प्रवासी गाड्या गेल्या, मालगाडी एकही नाही. अहवालात त्या संपूर्ण तासाची सरासरी दिली आहे. मिनिटभराचा हादरा तासात वाटून टाकला की कागदावर तो उरतच नाही! शिवाय स्लॅबच्या मध्यभागी, त्याची स्वतःची कंपनसंख्या (तो सेकंदाला किती वेळा हलतो) गाडीच्या हादऱ्याशी जुळली, तर हादरा जमिनीपेक्षा काही पटींनी वाढतो. आम्ही झोपतो तिथे, कुंपणाजवळ नाही.

अहवालातले ‘इमारतीस धोका नाही’ हे वाक्य ज्या आकड्यावर उभे आहे, तो राहत्या घराच्या पायासाठीचा सेकंदाला ५ मिलिमीटर कंपनवेग हा जर्मन डीआयएन ४१५० मानकातला आकडा आहे. माणसाला मात्र सेकंदाला ०.१ ते ०.३ मिलिमीटरलाच कंपन जाणवू लागते. इमारत उभी राहील एवढ्याने माणसाची झोप होत नाही.

आता भिंतीचे. जिन्याजवळच्या तड्यावर मी मार्चमध्ये काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने घट्ट बसवली होती. जूनमध्ये ती मधोमध तडकली, म्हणजे तडा अजून हलतो आहे. एवढ्याशा कंपनाने भिंत थेट फुटते असा माझा दावा नाही. माझा संशय घराच्या पायाखालच्या भरावावर आहे. गाडी जाताना मातीवरचा दाब नुसता वर-खाली होत नाही. बोगी जवळ येते, डोक्यावरून जाते, दूर जाते, तशी त्या दाबाची दिशाही फिरते, आणि अशा फिरत्या दाबाखाली सैल माती जास्त खचते. रुळाखाली हे सर्वांत तीव्र असते, अंतराबरोबर कमी होत जाते. पण भराव नीट दाबलेला नसेल तर दूरवरून आलेली कंपनेही त्याला हळूहळू बसवतात. रोलर फिरवून थरागणिक घनता तपासली होती का? त्या नोंदी मी दोनदा मागितल्या, मिळाल्या नाहीत.

आपल्या माहितीपत्रकात हा मार्ग लवकरच जलद होणार असल्याची जाहिरात आहे. आमच्याखाली मऊ चिकणमाती आहे, हे आपल्याच माती-परीक्षणात लिहिले आहे. अशा मातीत पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणारी कंपने) फार सावकाश जातात, आणि गाडीचा वेग त्यांच्या वेगाजवळ पोहोचला की हादरे एकदम वाढतात. स्वीडनमध्ये लेडस्गार्ड इथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच घडले, गाड्यांचा वेग कमी करावा लागला. घर विकताना हे कोणी सांगितले नाही.

मोजणी पुन्हा करा. वरच्या खोलीच्या मध्यभागी आणि पायाशी एकाच वेळी, तिन्ही दिशांनी, निदान तीन रात्री, आणि प्रत्येक गाडीचा कमाल आकडा वेगळा द्या. भरावाच्या नोंदी द्या. नोंदी नसतील तर आपल्या खर्चाने पायाजवळ मातीची तपासणी करा, आणि दोष निघाल्यास दुरुस्तीची लेखी हमी द्या. ‘खिडक्यांना दुहेरी काच बसवून देतो’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही, कारण हादरा खिडकीतून येत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. आपली माणसे कोणत्या रात्री येणार ते आदल्या दिवशी कळवा, वरची खोली रिकामी करून ठेवते.

आपली,
तक्रारदार घरमालकीण

सोबत : तडकलेल्या काचपट्टीची छायाचित्रे, तीन महिन्यांच्या रात्रीच्या गाड्यांची वेळवार नोंद