२६ नोव्हेंबरचा जलसा : तालमी आणि सूचना

सर्वांना जय भीम, नमस्कार, सलाम.

संविधान दिनाचा आपला जलसा गुरुवार, २६ नोव्हेंबरला संध्याकाळी ७ वाजता समाजमंदिरासमोर. तालमी रविवारी १, ८, १५ आणि २२ तारखेला, दुपारी ४ ला. २२ ची रंगीत तालीम कुणीही चुकवायची नाही.

गेल्या वर्षीच्या भांडणावरून स्पष्टच लिहिते. वगात, म्हणजे जलशातल्या नाटकाच्या भागात, अहिराणी, वडारी, दखनी, ज्याची जी बोली असेल ती त्यानं बोलायची. कुणी कुणाचं ‘शुद्ध’ करायचं नाही. ‘काय करी ऱ्हायना’चं आपण ‘काय करतोस’ केलं आणि हमखास येणारा हशा गेला, आठवतंय ना?

– सत्यशोधक जलसे तमाशाचाच बाज घेऊन गावोगाव फिरले, पण त्यांत बायकांची कामं बहुधा पुरुषच करत. आपल्याकडे यंदा सरपंचाचं काम बाईच करणार. कोण, ते १ तारखेला चिठ्ठ्या टाकून ठरेल.
– जात, रंग, अपंगत्व यांवरचे विनोद नकोत. ‘गंमत होती’ ही सबब चालणार नाही.
– झाडलोट, सतरंज्या, चहा आळीपाळीनं. पुरुषांची पाळी आधी!
– डबे एकत्र उघडायचे, पंगत एकच.
– हलगीवाल्यांनी अर्धा तास आधी यावं. गारव्यानं चामडं सैल पडतं, मग ऐन सुरुवातीच्या गणाच्या वेळी रद्दी पेटवून शेकत बसावं लागतं.

ढोलकीला अजून माणूस नाही. कुणाच्या घरी शिकणारी पोरगी असेल तर १ तारखेलाच घेऊन या.

– तालीमप्रमुख