विन्या, आभाळ निळं आहे म्हणून निघू नकोस

होनोलुलू, जूनचा दुसरा रविवार

प्रिय विन्या,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही. कबूल. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं दादाकडून कळलं, बरं वाटलं. आम्ही ठीक, शुगर होती तिथेच आहे. पण काल तुझा तो हवामान-अंदाजाचा फोटो आला, ओळीने आठ दिवसांचे आठ सूर्य, खाली 'लेका, पाऊस औषधाला नाही, शिडाची बोट घेऊन मोलोकाई गाठतोच', आणि मी पत्र लिहायलाच बसलो. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे?

अरे, ते सूर्याचं चित्र पावसाबद्दल बोलतंय, वाऱ्याबद्दल नाही. आपलं डोकं कोकणातलं. वारा सुटला की मागून पाऊस, होड्या शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेला नारळ पडला की दर्या मोकळा. इथे हवाई बेटांवर उन्हाळ्यातच वारा नेमाने वाहतो. बेटांच्या उत्तरेला आणि ईशान्येला जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसते, तिच्या दक्षिण अंगाने व्यापारी वारे येतात, जुलै-ऑगस्टमध्ये तर दहातले नऊ दिवस. कॅलिफोर्निया इथून ३,८०० किलोमीटर, मध्ये वाऱ्याला अडवायला एक खडक नाही. आणि वर साधारण दोन हजार मीटरवर उबदार हवेचं झाकण असतं. ढग तिथवर चढतात आणि डोकं आपटून पसरतात. म्हणून वाऱ्याकडच्या डोंगरांवर पहाटे चार सरी, होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर लख्ख ऊन, आणि त्याच उन्हात खाडीत २५ नॉटचा (ताशी ४६ किलोमीटरचा) वारा. भूगोलात 'व्यापारी वारे' तूच घडाघडा म्हणायचास. मार्क मला जास्त पडायचे, ते सोड.

आता कैवी, म्हणजे ओआहू (होनोलुलूचं हे बेट) आणि मोलोकाई बेट यांमधली खाडी. रुंदी सुमारे ४२ किलोमीटर. डोंगर वाऱ्याला अडवतात, मग तो दोन बेटांमधल्या फटीतून जोर करून घुसतो. ओआहूच्या आग्नेय टोकापर्यंत, कोको हेडपर्यंत, तू बेटाच्या आडोशाला असशील, कपातला चहाही हिंदकळणार नाही. टोक ओलांडताना पाण्यात चक्क रेघ दिसते. अलीकडे फिकट निळं, पलीकडे गर्द, त्यावर पांढरे तुरे. ती रेघ ओलांडली की दहा नॉटचे वीस-पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. मोलोकाईच्या लाआऊ टोकापाशी पुन्हा तेच. लोक इकडचं पाणी बघतात आणि पूर्ण शीड लावून पुढे जातात, चूक तिथे होते.

आणि दिशा बघ. कोको हेड ते लाआऊ सुमारे २४ सागरी मैल, मार्ग उत्तरेपासून मोजून ११४ अंशांच्या आसपास. वारा येतो ७० अंशांच्या आसपासून. म्हणजे फरक जेमतेम ४४ अंशांचा. कागदावर शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडाकडे तेवढी जाते. पण लाटा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटत असताना बोट वारा ढकलेल तिकडे सरकते, लाआऊ हातातून निसटतं आणि तुला नागमोडी टप्पे घेत वाऱ्याकडे चढावं लागतं. पाच तासांचे आठ होतात. हवामानाच्या अंदाजात 'लाटा ७ ते १० फूट' लिहिलेलं असतं ना, ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. दिवसभरात एखादी जवळपास दुपटीची येतेच. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब, म्हणजे एक उतरते न उतरते तोच पुढची. वारा २५ नॉट किंवा लाटा १० फूट झाल्या की हवामान खातं छोट्या बोटींना इशारा देतं. इशारा नाही म्हणजे समुद्र शांत, असा अर्थ काढू नकोस. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीचं कोष्टक तूच चुकीचं वाचलं होतंस, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

दक्षिणेची लाट वेगळी. न्यूझीलंडकडच्या वादळांची, सहा-सात दिवस प्रवास करून येते. सोळा सेकंदांची, चारशे मीटर लांब. खोल पाण्यात जाणवतही नाही, पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या बंदराच्या तोंडाशी उथळ पाण्यात ती उभी राहून फुटते. परत येताना आत शिरण्याआधी बाहेर थांबून पाच-सात मोठ्या लाटा मोज.

माझं ऐकशील तर प्रवास उलटा कर. मालकाला बोट मोलोकाईला आणून द्यायला सांग, तुम्ही छोट्या विमानाने या आणि वारा पाठीशी घेऊन परत चला. वहिनी आणि चिंटूसाठी तरी. (चिंटू बारावी संपवतोय का? अभिनंदन. बढतीचंही.)

नाहीच ऐकलंस तर दोन दिवस जास्तीचे धर आणि वारा १० ते १५ नॉटवर उतरेल अशा दिवसाची वाट बघ. पहाटे तीनला नीघ; किनाऱ्याजवळ पहाटे वारा थोडा मंदावतो, भर खाडीत फारसा फरक पडत नाही, पण दिवस हातात राहतो. शीड धक्क्यावरच दोन पट्ट्यांनी कमी कर, भर खाडीत डेकवर जाऊन ते करणं जिकिरीचं. पुढचं शीड लहान लाव. छोटी होडी मागे ओढू नकोस, डेकवर बांध. उलटीची गोळी आदल्या रात्री. सगळ्यांना सेफ्टी पट्टे, रात्री तर सक्तीने.

आणि डिझेल. बंदरात महिनोन्‌महिने पडलेल्या टाकीचा गाळ खाडीत हेलकाव्यांनी ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं तिथेच बंद पडतं. शीड सांभाळून फिल्टर बदलता आला पाहिजे. बंदरात एकदा हाताने करून बघ. दोन जादा फिल्टर हवेत. इंजिनावरच्या पाटीचा फोटो पाठव, मी इथून घेऊन ठेवतो.

तुझा,
सुध्या