टॉवेल वापरात, बिल टेबलावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा बारा मागांचा टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयाला टॉवेल पुरवले. माल उतरवून घेतला, पोच मिळाली, आठवड्यात टॉवेल वापरातही आले. बिल निघायला मात्र सात महिने लागले. आधी ‘तपासणी व्हायचीय’, मग ‘साहेब रजेवर’, शेवटी ‘ग्रँट आली नाही’. एकदा चौकशीला गेलो, तर डबा खाऊन आलेल्या बाबूंनी माझ्याच टॉवेलला हात पुसत सांगितलं, ‘तपासणी अजून बाकी आहे.’

सूतवाला थांबत नाही, कामगारांचा आठवड्याचा पगार थांबवता येत नाही. जीएसटीचं तर विचारूच नका. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तो भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. सरकारने थकवलेल्या बिलावरचा कर मी सरकारलाच बँकेच्या कर्जातून, कॅश क्रेडिटमधून भरला!

२००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, करारात काहीही लिहा, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तपासणीची पळवाटही त्यात बुजवली आहे. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल, तर तो आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. पण व्याज मागणार कोण? थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकायला सुविधा परिषद आहे, २०१७ पासून ‘समाधान’ पोर्टल आहे. तक्रार केली तर पुढचं टेंडर गेलं, ही भीती इथे प्रत्येकाला. मीही तक्रार केली नाही.

खासगी खरेदीदार मात्र सुधारले. १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. कायम ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणणारे मार्चमध्ये स्वतः फोन करून लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र मागू लागले. सरकारी कार्यालयाला आयकराचा धाक कुठला?

टेंडर मिळणं ही आणखी वेगळी कथा. केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी २५ टक्के खरेदी आमच्यासारख्यांकडून करायची, अनामतही माफ, असं धोरण आहे. पण पंचवीस हजार नगांचं एकच टेंडर काढून वर उलाढालीची अट घातली की आम्ही दारातच अडतो. मग टेंडर बाहेरगावचा ठेकेदार घेतो आणि माल सोलापुरातच विणून घेतो, भाव पाडून.

मोठी मागणी दोन-दोन हजार नगांत वाटून काढावी. ४५ दिवस उलटले की व्याज न मागता बिलात धरावं. आणि प्रत्येक कार्यालयाने दारात फळा लावावा: माल कधी आला, हरकत घेतली का, पैसे कधी दिले. फळ्यासाठी ग्रँट आली नसेल तर फळा मी देतो, बिल न लावता.

आपला,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर