केळवणाचं ताट आणि डोहाळजेवणाचं ताट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गरोदर बायकांच्या आहारावर अधूनमधून लेख येतात. चांगले असतात, मी कापून ठेवते. पण ते सगळे दिवस राहिल्यानंतरचे. त्याआधीच्या वर्षा-दोन वर्षांबद्दल कुणी काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. १९९९ पासून कर्वेनगरात पोळी-भाजीचे डबे देते. सध्या ६४ डबे जातात, त्यातले चाळीसेक नोकरी करणाऱ्या मुलींचे. शिवाय केळवणांच्या आणि डोहाळजेवणांच्या ऑर्डरी घेते. म्हणजे मुलीचं लग्नाआधीचं ताट आणि बाळाआधीचं ताट, दोन्ही माझ्या हातून जातात. मधल्या दिवसांत ती काय खाते, ते परत आलेल्या डब्यावरून कळतं.

घरातलीच गोष्ट सांगते. सुनेला विचारून लिहिते आहे. तिने पत्र वाचून दोन ठिकाणी माझे आकडेही दुरुस्त केले.

ती हिंजवडीला नोकरी करते. अंगाने सडसडीत. लग्नाआधी तीन महिन्यांत तिची अकरा केळवणं झाली, त्यातली दोन माझ्याच हातच्या स्वयंपाकाची. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, वर बासुंदीची वाटी. दीड वर्षाने गोड बातमी आली. सव्विसाव्या आठवड्यात दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. साखर १४० च्या खाली हवी होती, आली १६८. गर्भावस्थेतला मधुमेह. आणि मी, स्वतः रोज मधुमेहाच्या गोळ्या घेणारी बाई, तिला काय म्हणावं? ‘उन्हाळ्यात आंबे जरा जास्तच झाले तुझे.’ ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली. त्या वाक्याबद्दल तिची माफी मी घरात मागितली आहे. आता छापून मागते.

कारण आंब्यांचा तसा काही संबंध नव्हता. माझ्याकडे डबा असलेली एक मुलगी एम.डी. करते आहे, तिने ओट्याशी उभं राहून मला समजावलं. गर्भाची वार तयार झाली की तिच्यातून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देऊ देत नाहीत. बाळाला साखर कमी पडू नये, ही त्यामागची निसर्गाची सोय. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करून वेळ निभावून नेतं. जिच्याकडे आधीपासूनच शिल्लक कमी असते, तिला ते जमत नाही. घरात लग्न निघालं की कुणाच्या पासबुकात काय आहे ते बाहेर येतं, तसंच. खर्च लग्नाने काढला, पण शिल्लक कधी संपली ते मागची पानं चाळल्यावर दिसतं.

माझी मागची पानं अशी. १९९३ साली मुलगा झाला तेव्हा तो ४ किलो १०० ग्रॅमचा होता. सिझर करावं लागलं. आमच्या घरी पेढे वाटताना नावरस राहिला बाजूला, वजनच आधी सांगत होते. ‘बाळसं बघा!’ माझी साखर तेव्हा कुणी तपासल्याचं मला आठवत नाही. २०१० साली पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं आणि मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मुलं किती वजनाची झाली होती?’ मला वाटलं गप्पा मारताहेत. मग त्यांनी सांगितलं, आईची साखर वाढलेली असली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि गुटगुटीत होतं. माझ्या बाबतीत नक्की काय झालं ते आता कोण सिद्ध करणार? पण ज्या वजनाचं आम्ही कौतुक केलं, ती बहुधा सूचना होती. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो, हे मला सतरा वर्षांनी कळलं.

सुनेच्या बाबतीत सगळे एकच म्हणत होते, ‘ही तर काडीसारखी, हिला कशी शुगर?’ याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलेलं आहे, आणि ते पुणेकरांनाच ठाऊक नसावं याचं मला नवल वाटतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ स्नायूंनी कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून चरबीचं. डॉ. याज्ञिक यांचा एका इंग्रज सहकाऱ्याबरोबरचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. त्यामुळे वजनकाट्यावर आपण बारीक ठरलो म्हणून निर्धास्त राहू नये. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. सुनेची कंबर ८३ भरली. साडीत दिसत नव्हती.

आता आधीच्या वर्षांबद्दल. अमेरिकेत १४,४३७ परिचारिकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवस राहण्याआधीच्या चार गोष्टी पाहिल्या होत्या: वजन, आहार, आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम आणि सिगारेट न ओढणं. चारही पाळणाऱ्यांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका एकही न पाळणाऱ्यांपेक्षा ८३ टक्क्यांनी कमी दिसला. या चार गोष्टींपैकी कशाचा वाटा मोठा? वजनाचा. पण ही नुसती निरीक्षणं आहेत आणि बायका अमेरिकेतल्या, असं आमच्या एम.डी.बाईंनी लगेच बजावलं. (सिगारेटचं वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग माझ्याकडे पोळ्या लाटायला येणारी बाई दाराशी मशेरी लावताना दिसली. तिची सून सध्या ‘चान्स’ घेते आहे आणि तीही लावते. तंबाखू ती तंबाखूच.)

मला खरा आनंद झाला तो मुंबईच्या प्रयोगाने, कारण तो माझ्या धंद्यातला. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या, अजून दिवस न राहिलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना रोज ताजा खाऊ. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध. दुसऱ्याच्या खाऊत बटाटा, कांदा असलं. आकार दोन्हींचा आपल्या गाडीवरच्या सामोसा-भज्यांसारखाच, सारण तेवढं वेगळं. दिवस राहण्याआधीपासून बाळंत होईपर्यंत हे चाललं. मूळ हेतू बाळाचं वजन वाढवण्याचा होता आणि त्यात एकंदरीत मोठा फरक पडला नाही. पण ज्यांची ग्लुकोजची तपासणी झाली, त्यांच्यात बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना गर्भावस्थेतला मधुमेह निघाला आणि पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के बायकांना. हे २०१६ साली छापून आलं. कुठलंही महागडं पीठ नाही, परदेशी फळ नाही. मंडईतल्या जुड्या.

आणि माझ्या डब्यातून परत काय येतं? तीच जुडी. ‘काकू, उद्या मेथी असेल तर डबा नको’ असे मेसेज मी जपून ठेवले आहेत. शेपूच्या दिवशी तर निम्मे डबे जड परत येतात. मुलींचा मी दोष काढत नाही. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डबा, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्यावर वडापाव, मग रात्री साडेदहाला जे येईल ते. संकष्टीला उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, तीही दोन वाट्या. चालणं शून्य. माझ्या घरापासून दोनशे पावलांवर राहणारी मुलगी डबा घ्यायला गाडी काढते! रागावले तर म्हणते, ‘काकू, पुण्यात चालतं कोण?’ मी म्हणते, कालव्याच्या कडेने पहाटे जाऊन बघ, सगळे साठीच्या पुढचे चालताहेत. ज्यांना आता गर्भ राहणार नाही ते.

मागच्या वर्षापासून मी युक्त्या करते. मेथी भाजी म्हणून जात नाही, मग कणकेत जाते. माठ आणि चवळई डाळीत. पालकाच्या वड्या वाफवून, वरून तीळ. संकष्टीला राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही. पांढरा भात निम्मा केला, त्याजागी उसळ वाढवली. यात चार गिऱ्हाइकं गेली, तीन नवी आली. केळवणाच्या ऑर्डरीत आता विचारते, ‘श्रीखंड आणि बासुंदी दोन्ही कशाला?’ यजमानीणबाईंना आवडत नाही. अकराव्या केळवणालाही प्रत्येकीला आपलंच पहिलं वाटतं. आणि हे नवऱ्यामुलालाही लागू आहे. माझ्या मुलाने बायकोबरोबर रात्री जेवल्यावर अर्धा तास चालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिचं चालणं टिकलं. एकटीला ‘जा चालून ये’ सांगून काही होत नव्हतं.

एक खटकलेली गोष्ट. सुनेची साखर पहिल्या भेटीत तपासलीच गेली नव्हती. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे पहिल्या भेटीतच ही ग्लुकोजची तपासणी करायची आणि ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आम्हाला हे ठाऊक नसल्याने आम्ही मागितली नाही. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत करायची, ती आमच्याच हलगर्जीपणाने राहिली. बारसं, पाहुणे, मग बाळाला सर्दी. पाच महिन्यांनी केली. ठीक आली. नात २ किलो ९०० ग्रॅमची झाली, हे यावेळी मी नावाच्या नंतर सांगितलं.

आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं त्या दोघांनी ठरवलं आहे. हे वर्ष तिने तयारीचं धरलंय. फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायच्या असतात, त्या सुरू करताना तिने बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घेतलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे ते कमीच निघालं. याज्ञिकांच्या अभ्यासात, ज्या आयांमध्ये फोलेट (म्हणजे या फोलिक ॲसिडच्या गोळीतलंच जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होतं. गोळी सोडा असं मी म्हणत नाही, बी-१२ कडेही बघा एवढंच. कंबर ७९ वर आली आहे. एवढं करूनही साखर पुन्हा वाढू शकते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलंय आणि तिने मला सांगितलंय, बहुधा आंब्यांच्या वाक्याची आठवण ठेवून. घरात मधुमेह, वय, पीसीओडी, यातलं काही आपल्या हातात नसतं.

तर विनंती अशी. लग्नसराईत आपली जी खास पुरवणी निघते, त्यात शालू, दागिने आणि मेहंदीबरोबर एक पान या तयारीसाठी द्या. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला लिहायला सांगा. सोबत पालेभाजीच्या पाककृती हव्या असतील तर मी देईन, मानधन नको. फक्त शेपूची कृती ‘डाएट’ म्हणून छापू नका. ती मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी घालून केलेली नुसती शेपूची भाजी आहे, आणि चांगली लागते.

आपली नियमित वाचक,
डबेवाल्या काकू
कर्वेनगर, पुणे

(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. सुनेच्या इच्छेनुसार छापू नये.)